जुनं .२१ नायट्रो इंजिन ट्यून करताना : कामाच्या नोंदी

गाडी रिमोटवर चालणारी १:८ ऑफ-रोड बगी. इंजिन .२१, म्हणजे साधारण ३.५ सीसी. स्लाइड कार्ब, म्हणजे सरकत्या दट्ट्याने (स्लाइडने) हवा कमी-जास्त करणारा कार्ब्युरेटर. इंधन किती जायचं ते ठरवणाऱ्या दोन नीडल: वरच्या वेगासाठी हाय, खालच्या वेगासाठी लो. मागे ट्यून्ड पाइप (एक्झॉस्ट), १२५ सीसीची टाकी. आधीच्या मालकाकडे बराच काळ न चालवता पडून होती. इंधन मिथेनॉलचं, त्यात तेल आणि २५ टक्के नायट्रोमिथेन (नायट्रो). माझ्या नीडलचे फेरे शेवटी दिलेत, पण दुसऱ्या इंजिनाला ते तसेच्या तसे चालणार नाहीत. ज्या क्रमानं मी गेलो तो क्रम मात्र कुठल्याही इंजिनाला चालतो, म्हणून तो सविस्तर लिहितोय.

५ ऑक्टोबर : इंजिन जाम

फ्लायव्हील हाताने हलत नव्हता. स्टार्टर बॉक्सवर ठेवून जोर लावायचा मोह होतो, पण त्यात कनेक्टिंग रॉड वाकतो आणि दोन मिनिटांत इंजिन भंगारात जातं. इंधनात एरंडेल असतं. गाडी पडून राहिली की मिथेनॉल उडून जातं आणि एरंडेलाचा चिकटा आतल्या सगळ्या पार्टना धरून ठेवतो. उपाय उष्णतेचा. हीट गन कमी सेटिंगवर ठेवून हेड आणि क्रँककेस बाहेरून गरम केलं, ग्लो प्लग (तापलेल्या तारेने इंधन पेटवणारा प्लग) काढून आत आफ्टर-रन ऑइलचे (गाडी ठेवताना इंजिनात सोडायच्या तेलाचे) थेंब सोडले आणि फ्लायव्हील थोडा पुढे, थोडा मागे असा हलवत राहिलो. हळूहळू सुटला.

सुटल्यावरही पिस्टन वर जाताना शेवटी अडकतो. हे चांगलं लक्षण आहे. ॲल्युमिनियमचा पिस्टन आणि क्रोम चढवलेली पितळी स्लीव्ह (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) अशा इंजिनात स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित निमुळती असते. गार असताना पिस्टन तिथे घट्ट बसतो आणि इंजिन तापलं की स्लीव्ह पसरून फिट बरोबर होतो. यालाच पिंच म्हणतात. पिंच शिल्लक आहे, म्हणजे पिस्टन-स्लीव्हला आयुष्य आहे आणि पुढचा खटाटोप करण्यात अर्थ आहे. प्लग काढूनही पिस्टन वरपर्यंत अलगद गेला असता, तर मी इथेच थांबलो असतो. झिजलेला पिस्टन कुठल्याच नीडलनं ट्यून होत नाही.

बॅकप्लेट उघडली. मागच्या बेअरिंगच्या गोळ्यांवर नारिंगी डाग, फिरवली की वाळूसारखी खरखर. मिथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. तेल न सोडता गाडी ठेवली की पहिला घास बेअरिंगचा जातो. दोन्ही बेअरिंग बदलायच्या ठरवल्या आणि त्या हाती येईपर्यंत काम थांबलं.

१२ ऑक्टोबर : बेअरिंग आणि कार्ब

क्रँककेस धुऊन पूर्ण कोरडी केली आणि कामाच्या जुन्या ओव्हनमध्ये १५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवली. बाहेर काढून लाकडावर आपटली तशी मागची बेअरिंग आपोआप बाहेर पडली. पुढची आतून लाकडी दांड्याने ढकलली. नव्या बेअरिंग आधीच फ्रीजरमध्ये ठेवल्या होत्या, त्या तापलेल्या केसमध्ये दाब न देता बसल्या. इथे हातोडा वापरायचा नाही. बेअरिंग किंचित तिरकी बसली तरी क्रँक जड फिरतो, आणि मग इंजिन का तापतंय ते नीडलमध्ये शोधत बसावं लागतं.

कार्ब उघडण्याआधी दोन्ही नीडल हलक्या हाताने आत टेकेपर्यंत फिरवून फेरे मोजले आणि लिहून ठेवले. जुन्या मालकाची हाय नीडल मॅन्युअलपेक्षा तब्बल एक फेरा लीन (कमी इंधन देणारी) होती. हे पुढे कामाला आलं, कारण त्यावरून कळलं की तोही कशाशी तरी झगडत होता.

नीडल टेकली की थांबायचं, आवळायची नाही. भिंगाखाली हाय नीडलच्या निमुळत्या टोकावर केसाएवढी बारीक कडी उमटलेली दिसली. कुणीतरी ती दाबून आवळली होती. अशी नीडल एका जागी काहीच फरक दाखवत नाही आणि पुढच्या टिचभर फिरण्यात एकदम उडी घेते. नवी घातली. नीडलच्या ओ-रिंग कडक झाल्या होत्या, त्याही बदलल्या.

जोडताना हाय नीडल मॅन्युअलप्रमाणे साडेतीन फेरे उघडी, लो नीडल कडेशी समतल, आयडलला, म्हणजे ट्रिगर सोडल्यावर इंजिन संथ चालतं तेव्हा, स्लाइड १ मिमी उघडी. एक मिमीची ड्रिल बिट उलटी धरून दांडा आत जातो का ते पाहिलं. मग लिंकेज. ट्रिगर पूर्ण ओढल्यावर कार्ब पूर्ण उघडतो का, सोडल्यावर आयडल स्क्रूवर टेकतो का, ब्रेक लावताना सर्व्हो (कार्ब आणि ब्रेक हलवणारी छोटी मोटर) अडकून घरघरत नाही ना, हे एअर फिल्टर काढून डोळ्यांनी पाहायचं. माझा कार्ब पूर्ण थ्रॉटलला तीन चतुर्थांशच उघडत होता, रिमोटवर एंड पॉइंट (सर्व्हो कुठपर्यंत फिरेल ती मर्यादा) वाढवून ठीक केला. फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर सर्व्होनं काय करायचं ती सेटिंग) ब्रेकवर लावला आणि ट्रान्समीटर बंद करून तपासला. पूर्ण थ्रॉटलला सिग्नल गेलेली १:८ बगी एखाद्याचा पाय मोडू शकते, त्यामुळे हे न तपासता पुढे जाऊ नका.

१३ ऑक्टोबर : पहिला स्टार्ट

मोकळ्या हवेत, हातमोजे घालून, शेजारी पाण्याची बादली. मिथेनॉल त्वचेतूनही अंगात जातं, आणि त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. गाडी पेटली आहे हे गरम झळ लागल्यावरच कळतं. ते पाण्यात मिसळतं, म्हणून पाण्याने विझतं.

हेड हीट गनने गरम केलं. गार इंजिनाचा पिंच ओढताना रॉडवर फार ताण येतो, गरम केल्यावर स्टार्टर सहज फिरवतो. तरी इंजिन धरेना. प्लग काढून इग्नायटरला (प्लगची तार तापवणाऱ्या बॅटरीच्या साधनाला) लावला तर तार मंद लाल. इग्नायटरची बॅटरी उतरलेली होती. चार्ज केल्यावर तार झगझगीत नारिंगी झाली. या वेळात क्रँककेसमध्ये इंधन साठून फ्लायव्हील अडला. प्लग काढला, गाडी उलटी धरली, स्टार्टरवर फिरवून इंधन बाहेर फेकू दिलं, प्लगच्या भोकावर फडकं धरून. मग लगेच सुरू झालं.

पहिल्या टाक्या भरपूर रिच, म्हणजे जास्त इंधनावर. निळसर पांढरा धूर, आवाज गडगडता. नव्या बेअरिंग बसेपर्यंत ते बरंच आहे. प्रत्येक टाकीनंतर पूर्ण गार होऊ दिलं आणि बंद केल्यावर फ्लायव्हील फिरवून पिस्टन खाली आणून ठेवला. पिस्टन पिंचमध्ये अडकून गार झाला तर स्लीव्ह तिथे ताणून राहते.

१९ ऑक्टोबर : आयडल खाली येईना

हे लक्षण नीट वाचा, कारण बहुतेकांचा वेळ इथेच जातो. ट्रिगर सोडला की इंजिन लगेच खाली यायला हवं. माझं वरच्याच आवाजात लटकून राहायचं आणि बऱ्याच वेळाने हळूहळू उतरायचं. लो नीडल लीन असली की असं होतं, म्हणून ती रिच केली. लटकणं कमी झालं, पण पिकअप गेला. ट्रिगर ओढला की घुसमटून बंद. थोडी लीन केली, पिकअप आला, लटकणंही परत आलं. दोन्हीच्या मध्ये कुठे जागाच सापडेना. त्यात टाकी अर्धी झाली की सगळं बदलायचं: भरल्या टाकीवर जे रिच तेच अर्ध्या टाकीवर लीन.

संध्याकाळपर्यंत बरंच इंधन गेलं. पण एक गोष्ट पक्की कळली. एकाच जागी ठेवलेली नीडल दर पाच मिनिटांनी वेगळं उत्तर देत असेल, तर प्रश्न नीडलचा नाही. इंजिन कुठून तरी जास्तीची हवा खेचतंय. जुन्या मालकाची एक फेरा लीन नीडल आता वेगळी वाटू लागली. तो धूर आणि तापमानाच्या मागे जाऊन गळतीभोवती ट्यून करत असणार.

२० ऑक्टोबर : गळतीचा शोध

इंजिन गाडीतून काढलं. एक्झॉस्ट पोर्टवर रबराचा तुकडा दाबून पट्टीने आवळला, कार्बचं तोंड बुचाने बंद केलं. इंधनाच्या निपलला लांब सिलिकॉन नळी जोडली आणि इंजिन पाण्याच्या भांड्यात पूर्ण बुडवून नळीतून फुंकलं. नळी नवी आणि कोरडीच हवी, इंधनाची वापरलेली नळी तोंडात धरायची नाही.

बॅकप्लेट कोरडी ठणठणीत. पुढच्या बेअरिंगमधून अधूनमधून एखादा बुडबुडा आला. तिथे सील म्हणजे क्रँक आणि केसमधली अगदी बारीक फटच असते, थोडं झिरपणं चालतं. कार्बच्या बुडाशी मात्र दाण्यांच्या माळेसारखी बुडबुड्यांची अखंड रांग लागली. तिथली ओ-रिंग चपटी झालेली. आणि स्लाइडवरचा रबरी बूट, तो घडी-घडीचा असतो, त्याच्या एका घडीच्या खाचेत चीर होती. बूट मिटलेला असताना चीर दिसतच नाही. स्लाइड पूर्ण उघडून बूट ताणला तेव्हा तिचे ओठ उघडले आणि बुडबुडे सुटले. हा बूट धूळ अडवतो तसाच हवाही अडवतो. गाडीवर बसलेल्या कार्बमध्ये ही चीर कुणालाच सापडली नसती.

मग टाकी. प्रेशरची नळी चिमटीत बंद केली, इंधनाच्या बाजूला तीच कोरडी नळी जोडून फुंकलं आणि टाकी बुडवली. झाकणाच्या एका कोपऱ्यातून बुडबुडे. टाकीत इंधन ढकलतो तो पाइपकडून येणारा दाब. झाकण गळतं तेव्हा तो टिकत नाही आणि टाकी रिकामी होत जाईल तसं इंजिन लीन होत जातं. भरलेल्या आणि अर्ध्या टाकीतला फरक इथून येत होता. इंधनाची नळी फ्लायव्हीलजवळ घासून पांढरट पडली होती. भोक नव्हतं, तरी सगळ्या नळ्या नव्या टाकल्या. त्यांना फार काही लागत नाही आणि जुनी नळी फार छळते.

कार्बचं बूड आणि बॅकप्लेट उच्च तापमानाच्या सिलिकॉन सीलंटची पातळ रेघ देऊन बसवली. सीलंट जास्त लावला की आत सुटून क्रँकमध्ये जातो, म्हणून काडीच्या टोकाने आणि बाहेरच्या कडेलाच लावायचा. बूट, ओ-रिंग, टाकीचं गॅस्केट नवं. पाण्यात बुडवलेलं इंजिन पुसून, गरम करून, सगळीकडे तेल सोडून ठेवलं. हे उद्यावर टाकलं तर नव्या बेअरिंग गंजतात. सीलंट रात्रभर सुकू दिला.

२६ ऑक्टोबर : हाय नीडल

दोन्ही नीडल परत मॅन्युअलच्या जागी आणल्या. सुरू केलं, आयडल पहिल्या फटक्यात खाली आलं आणि तिथे राहिलं. आता कुठे ट्यूनिंग सुरू झालं.

आधी हाय, मग लो, कारण हाय नीडलमधून जाणारं इंधनच पुढे लो नीडलला मिळतं. लो आधी लावली तर हाय फिरवल्यावर ती पुन्हा लावावी लागते. इंजिन चांगलं तापेपर्यंत चालवलं, मग सरळ पट्ट्यावर पूर्ण थ्रॉटल. रिच असताना आवाज फडफडतो आणि गाडी वरच्या वेगाला पोहोचण्याआधीच अडल्यासारखी वाटते. दर वेळी घड्याळाच्या एका तासाएवढं, म्हणजे फेऱ्याचा बारावा भाग, लीन करायचं. मग दोन-तीन फेऱ्या मारून इंजिनाला नव्या मिश्रणावर स्थिरावू द्यायचं आणि मगच ऐकायचं. फिरवलं आणि लगेच निकाल दिला तर तो निकाल आधीच्या सेटिंगचा असतो.

एका टप्प्यावर लीन करूनही वेग वाढला नाही. आवाज स्वच्छ, पण कर्कश. तिथून दीड तास परत रिच. धुराची बारीक रेघ पूर्ण थ्रॉटलला दिसत राहिली पाहिजे. धूर म्हणजे तेल, आणि या इंजिनाला वेगळं वंगण नाही. इंधनातून जे येतं तेवढंच. लीन इंजिन गरम होतं आणि उपाशीही राहतं, दोन्ही एकदम.

तापमान प्लगच्या भोकात नेम धरून ११० अंशांच्या आसपास. हेडच्या चकचकीत पंखांवर इन्फ्रारेड गन धरली की आकडा बराच कमी येतो, म्हणून नेम नेहमी एकाच जागी. शंका आली तर हेडवर पाण्याचा थेंब टाकून पाहतो. तीन-चार सेकंदांत चरचरून उडाला तर ठीक. पडताक्षणी उसळून गेला तर इंजिन लगेच बंद करायचं.

२७ ऑक्टोबर : लो नीडल

आयडलवर असताना कार्बजवळची इंधनाची नळी चिमटीत दाबायची. आवाज किंचित चढून दोन ते चार सेकंदांत इंजिन बंद पडलं तर लो नीडल जागेवर आहे. लगेच मेलं तर लीन, आवाज चढतच राहिला आणि बराच वेळ बंद होईना तर रिच. माझं रिच निघालं. दर खेपेला अर्धा तास लीन केलं. जसजसं लीन होतं तसतसं आयडल चढतं, ते आयडल स्क्रूने खाली आणायचं आणि पुन्हा नळी दाबून पाहायची. आयडल चढलं म्हणून लो नीडल परत रिच करणारे खूप आहेत, आणि मग ते गोल गोल फिरत राहतात.

शेवटची चाचणी: दहा-पंधरा सेकंद आयडलवर उभी ठेवून एकदम पूर्ण थ्रॉटल. थोडा धूर सोडून उडी मारली पाहिजे. मारली.

९ नोव्हेंबर : थंड सकाळ

या नोंदीसाठी खरं तर हा सगळा लेख लिहायचा होता.

सकाळी बरीच थंडी होती. नीडल दोन आठवड्यांपूर्वीच्याच जागी. गन ९० अंश दाखवत होती. ११० वरून ९०, म्हणजे रिच झालं, लीन करा, असं कुठलाही तक्ता सांगेल. पण आवाज कर्कश होता, धुराची रेघ जवळजवळ नाहीशी, आणि लांब पट्ट्याच्या शेवटी ट्रिगर सोडताना इंजिन एकदा बंद पडलं. प्लग काढून भिंगाखाली पाहिला. तारेची गुंडाळी एका बाजूला दबलेली, वेटोळी एकमेकांना टेकलेली, आणि चकाकी जाऊन तार पांढरट, खरखरीत झालेली. निरोगी तार गोल गुंडाळीत राहते आणि थोडी ओली चमकते. ही लीन इंजिनाची तार होती.

थंड हवा दाट असते. त्याच उघडलेल्या कार्बमधून जास्त ऑक्सिजन आत जातो, इंधन तेवढंच, म्हणून मिश्रण लीन. त्याच वेळी तीच थंड हवा हेडच्या पंखांतली उष्णता भराभर काढून नेते, म्हणून आकडा खाली. आकडा रिच सांगतो आणि आतमध्ये पिस्टन लीन भाजत असतो. आकड्यावर विश्वास ठेवून लीन केलं असतं तर पिस्टन-स्लीव्ह गेली असती.

हाय नीडल दोन तास रिच केली, नवा प्लग घातला, हेडच्या पंखांचा पुढचा अर्धा भाग ॲल्युमिनियम फॉइलने झाकला. धूर आला, आवाज मऊ झाला, आणि गंमत म्हणजे रिच करूनही आकडा १०५ वर गेला, कारण आता उष्णता हेडमध्ये टिकत होती. दुपारी ऊन चढल्यावर फॉइल काढली आणि नीडल एक तास परत लीन. उष्ण, दमट हवेत आणि उंचावर हेच उलट होतं. ऑक्सिजन कमी, म्हणून लीन करावं लागतं.

तापमानाचा आकडा मी आता आजच्या दिवसाची आजच्याच दिवसाशी तुलना करायला वापरतो. ध्येय म्हणून नाही. आधी धूर, मग आवाज, मग प्लग, आणि आकडा सगळ्यांत शेवटी.

१६ नोव्हेंबर : उभी गाडी पुढे सरकते

आयडलवर गाडी पुढे ओढू लागली. आयडल कमी केलं तर बंद पडायची. नळीची चाचणी नीट येत होती, म्हणून नीडलला हात लावला नाही. क्लच बेल काढली. इंजिन वेगात आलं की क्लचचे तुकडे (शू) पसरून या वाटीला पकडतात आणि गाडी चालते; एरवी स्प्रिंग त्यांना आत ओढून धरतात. क्लचच्या एका स्प्रिंगचा पाय तुटलेला, तो शू सतत बेलला घासत होता. सगळ्या स्प्रिंग एकदम बदलल्या. एकच नवी घातली तर शू वेगवेगळ्या वेगाला पकडतात. बेलच्या बेअरिंगही कोरड्या होत्या, त्या बदलल्या. आयडल परत स्थिर.

२३ नोव्हेंबर : सध्याची सेटिंग

हाय नीडल सव्वातीन फेरे, लो नीडल समतलपेक्षा दोन तास लीन, आयडल ०.८ मिमी. हेडखाली शिम (पातळ चकती) मूळ जाडीचाच ठेवला आहे. नायट्रोचं प्रमाण वाढवायचं झालं तर शिम वाढवावा लागेल आणि नीडलही उघडावी लागेल, कारण नायट्रोमिथेन जळायला हवा फार कमी लागते आणि इंधन जास्त. म्हणून ट्यूनिंग चालू असताना इंधनाचा डबा बदलत नाही.

या कामात गेलेल्या वस्तू: दोन बेअरिंग, हाय नीडल, बूट, ओ-रिंग, टाकीचं गॅस्केट, नळ्या, एक प्लग, क्लचच्या स्प्रिंग आणि बेलच्या बेअरिंग. सगळ्यात जास्त गेलं ते १९ तारखेचं इंधन.

दिवस संपला की टाकी रिकामी करतो, इंजिन उरलेलं इंधन जाळून आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो, प्लगच्या भोकातून आणि कार्बमधून आफ्टर-रन ऑइल सोडून स्टार्टरवर फिरवतो, पिस्टन खाली. एअर फिल्टरचा फोम धुऊन, सुकवून, परत तेलात मळून बसवतो.

पुढच्या बेअरिंगपाशी केसवर तेलाचा ओलसर डाग येतोय. अजून आयडलवर परिणाम नाही. दर आठवड्याला नळी दाबून पाहतोय, आणि आयडल पुन्हा लटकू लागलं तर नीडलच्या आधी इंजिन परत पाण्यात जाईल.